घर उबदार आणि कोरडे ठेवणारी बहुइंधनी शेगडी कशी निवडावी: बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागासाठी

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने चूल केवळ भाकरीसाठी पेटत नाही. घोंगडी वाळावी, अंथरुणाला कुबट वास येऊ नये, म्हाताऱ्या माणसांच्या सांध्यांना थोडी ऊब मिळावी, हीसुद्धा त्या चुलीचीच कामे असतात. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे तेथील पारा दहा अंशांच्या जवळ उतरतो. आता स्वयंपाक गॅसवर होतो, जुनी चूल परसात गेली आहे किंवा मोडली आहे, आणि त्यामुळे घरातली ऊब व कोरडेपणा दोन्ही हरवले आहेत, असे अनेक घरांत दिसते. अशा घरांत लाकूड, शेणी, कांडी कोळसा असे जे हाताशी असेल ते जाळता येणारी, बंद दाराची, धुराडे जोडलेली लोखंडी शेगडी बसवण्याचा विचार होऊ लागला आहे. हा लेख त्या निवडीविषयी आहे. बहुतेक जण शेगडी आधी पसंत करतात आणि जळण व धुराडे यांचा विचार मागाहून करतात. माझे ठाम मत असे आहे की हा क्रम उलटा हवा: आधी जळण, मग धुराडे आणि सर्वांत शेवटी शेगडी.

शेगडी खरोखर हवी आहे का

पहिली पायरी घराची पाहणी करण्याची आहे. भिंतीला ओल जमिनीतून चढते आहे की कौलांतून पाणी झिरपते आहे, हे पाहून ते आधी बंद करावे, कारण गळक्या घरात कितीही जाळले तरी ओल हटत नाही. कौलारू घरात कौलांखाली फळ्यांचे किंवा अन्य पक्के छत नसेल तर तापलेली हवा कौलांच्या फटींतून सरळ वर निघून जाते. ज्या एका खोलीत संध्याकाळी सगळे बसतात, निदान तेवढ्या खोलीला छत करून घ्यावे. त्या खर्चामुळे शेगडी लहान लागते आणि पुढची अनेक वर्षे जळण वाचते.

विजेचा हीटर हा सोपा पर्याय वाटतो, पण त्याचा हिशेब करून पाहावा. दोन किलोवॅटचा हीटर रोज चार तास चालला तर दिवसाला आठ आणि महिन्याला २४० युनिट होतात. कर्नाटकातील गृहज्योती या घरगुती मोफत विजेच्या योजनेत वापर २०० युनिटांच्या पुढे गेला की संपूर्ण बिल भरावे लागते, म्हणजे केवळ हीटरपायी सवलत हातची जाते. शिवाय घाटमाथ्यावर ऊब सर्वांत जास्त लागते ती मुसळधार पावसात, आणि झाड पडून तारा तुटण्याचे दिवसही नेमके तेच असतात.

धुराडे नसलेली कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातील निखारे हा पर्याय मात्र विचारातसुद्धा घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका त्यात आहेच, त्याविषयी पुढे लिहिले आहे. दुसरेही एक कारण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. एक किलो वाळलेले लाकूड जळताना अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. धुराडे असेल तर ती वाफ धुराबरोबर घराबाहेर जाते. उघड्या आगीत ती खोलीतच राहते आणि गार भिंतीवर पुन्हा पाणी होऊन बसते. घर कोरडे करायचे असेल तर धुराडे हाच त्या यंत्रणेचा गाभा आहे.

जळण: आपल्याला काय मिळते आणि ते किती कोरडे राहते

बहुइंधनी शेगडीचा अर्थ तिच्यात काहीही जाळावे असा नाही. आपल्या भागातील प्रत्येक जळणाचा स्वभाव वेगळा आहे आणि त्यावर शेगडीची रचना ठरते.

लाकूड हे येथील मुख्य जळण आहे. निलगिरी, अकेशिया, बांधावरची बाभूळ, काजूच्या व आंब्याच्या छाटलेल्या फांद्या हे सहज मिळते. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे चार युनिट वीजेइतकी उष्णता असते, मग ते लाकूड कोणत्याही झाडाचे असो. जड लाकूड जास्त वेळ टिकते, हलके भडाभडा जळते, एवढाच फरक आहे. खरा फरक ओलाव्याने पडतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे एक टन लाकूड घेतले तर ते २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळल्यावर सव्वासहाशे किलोच्या आसपास उरते. बाकीच्या वजनाचे पैसे आपण पाण्यासाठी मोजलेले असतात. म्हणून वखारीतून वजनावर लाकूड घेताना एक ओंडका तेथेच फोडायला लावावा आणि आतल्या ताज्या बाजूला हात किंवा गाल लावून पाहावा. गारवा आणि चिकटपणा जाणवला तर ते लाकूड अजून ओले आहे. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना मध्यापासून कडेपर्यंत चिरा पडलेल्या असतात, साल सहज सुटते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते, परंतु त्याच्या सुया नुकत्याच फोडलेल्या बाजूवरच टोचाव्यात, कारण बाहेरची बाजू नेहमीच कोरडी दाखवते. आकडा २०च्या खाली हवा.

आपल्याकडे लाकूड वाळवण्याचा काळ ठरलेला आहे. दिवाळीनंतर लाकूड आणून लगेच फोडून ठेवावे. निलगिरी तर ओली असतानाच फोडावी, वाळल्यावर ती कुऱ्हाडीला दाद देत नाही. रचताना खाली दगड किंवा ओंडके घालून जमिनीपासून वीतभर उंच रचावे, वरून पत्रा टाकावा आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले तर आत बुरशी धरते. हाताच्या मनगटाएवढ्या ढलप्या मेअखेर वापरण्याजोग्या होतात, जाड तुकड्यांना आणखी एक उन्हाळा द्यावा लागतो. मृगाचा पाऊस पडण्याआधी सगळे जळण आडोशाला गेले पाहिजे. एवढे करूनही जुलैच्या दमट हवेत लाकूड पुन्हा ओलावा ओढून घेते, म्हणून पुढच्या आठवड्याचे जळण घरात आणून शेगडीपासून दोन-तीन फूट लांब ठेवण्यासाठी जागा आधीच राखावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भीमगड अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून परवानगीशिवाय लाकूड आणणे हा गुन्हा आहे. ज्या घराचे वर्षभराचे जळण स्वतःच्या बांधावरून, बागेतून किंवा वखारीतून भागणार नाही, त्या घराने शेगडीचा बेत लहान करावा.

शेणीत प्रति किलो तीन ते साडेतीन युनिट उष्णता असते आणि ती सावकाश, एकसारखी मिळते. मात्र शेणीची राख पुष्कळ होते. लाकडाची राख वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास असते, तर शेणीची वीस टक्क्यांवर जाऊ शकते. शेणी वापरणाऱ्या घराला राखेचा खोल ट्रे आणि बाहेरून हलवता येणारी जाळी असलेलीच शेगडी लागेल. उसाच्या पट्ट्यात, म्हणजे चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर, निपाणीकडे, चिपाडे आणि पाचट मुबलक असते. ते क्षणात पेटते आणि क्षणात संपते. आग लावायला उत्तम, ऊब टिकवायला निरुपयोगी. त्याच मालाच्या दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना बाजारात ब्रिकेट किंवा पांढरा कोळसा म्हणतात, चांगल्या चालतात. त्यांत प्रति किलो चार युनिटांच्या आसपास उष्णता असते आणि त्या ओल्या होऊ दिल्या नाहीत तर हाताळायला स्वच्छ असतात. पाणी लागले की मात्र त्यांचा भुसा होतो. दाणे काढलेली मक्याची कणसे आणि नारळाच्या करवंट्या चांगले जळण आहे. करवंट्यांची आच फार तीव्र असल्याने त्या थोड्याच घालाव्यात. भाताचे तूस सुटे घालू नये, ते जाळीतून गळते आणि हवा कोंडते. लाकडी कोळशात प्रति किलो सुमारे आठ युनिट असतात, पण रोजच्या वापराला तो महाग पडतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील फौंड्रींना लागणारा हार्ड कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेले कडक जळण, काही जण सुचवतात. त्याची आच घरगुती शेगडीची जाळी वितळवण्याइतकी वाढू शकते, तेव्हा तो टाळावा.

काजूची टरफले कधीही घरात जाळू नयेत. त्यांच्यातील तेल दाहक असते, त्याच्या धुराने डोळे व घसा पोळतो आणि धुराड्यात चिकट थर बसतो. निपाणी भागात तंबाखूची धसकटे जळणात घालण्याची सवय आहे. त्यांच्या धुरात निकोटीन असते, ती घराबाहेरच राहू द्यावीत. बिब्बा आणि कण्हेर यांची लाकडे, रंगवलेल्या चौकटी, प्लायवूड, प्लास्टिक व टायरचे तुकडे यांनाही शेगडीत जागा नाही.

आकार ठरवण्याचा हिशेब

शेगडीची क्षमता किलोवॅटमध्ये सांगतात. थंड देशांत १४ घनमीटर जागेला एक किलोवॅट असा ठोकताळा वापरतात, पण तो बाहेर शून्य अंश आणि आत २१ अंश असे गृहीत धरून केलेला असतो. आपली बसण्याची खोली १२ फूट रुंद, १५ फूट लांब आणि १० फूट उंच असेल तर ती १,८०० घनफूट, म्हणजे सुमारे ५१ घनमीटर होते. त्या ठोकताळ्याने साडेतीन किलोवॅटहून थोडे अधिक येते. आपल्याकडे बाहेर १३ आणि आत २१-२२ धरले तर फरक आठ-नऊ अंशांचाच राहतो, म्हणून गरज दीड किलोवॅटवर येते; कौलारू घराच्या फटींसाठी ती दुप्पट धरली तरी तीन किलोवॅट पुरतात. तेव्हा एका खोलीसाठी तीन ते पाच किलोवॅटच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

मोठी शेगडी घेऊन ती मंद चालवू, हा विचार घातक आहे. मोठ्या शेगडीची हवा कोंडली की लाकूड जळण्याऐवजी धुमसते, धुरातील न जळलेला भाग धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकटतो आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. लहान शेगडी मोकळ्या हवेवर, स्वच्छ ज्वाळेने जळावी, हेच योग्य. चार किलोवॅटची, ७० टक्के कार्यक्षम शेगडी तासाला साधारण दीड किलो कोरडे लाकूड खाते. रोज चार तास आणि वर्षाला शंभर संध्याकाळ धरल्या तर सहाशे किलो लागेल. हा आकडा आपल्या जळणाच्या साठ्याशी ताडून पाहावा.

धुराडे

खर्चाचा मोठा वाटा येथे जातो आणि तो जायलाच हवा. धुराड्याची ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते: त्याची उंची, आणि आतील धूर व बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरक. परदेशी शेगड्यांसोबत येणाऱ्या सूचना बाहेर कडाक्याची थंडी आहे असे मानून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे जुलैत बाहेर वीस-बावीस अंश असतात, त्यामुळे तेच धुराडे येथे कमी ओढते. म्हणून शेगडीच्या माथ्यापासून किमान १५ फूट उंची हवी, शक्य तितके सरळ उभे हवे, आणि वळण घ्यावेच लागले तर ४५ अंशांहून तीव्र नको. भिंतीतून आडवे काढून मग बाहेरून वर नेलेले साधे पत्र्याचे धुराडे पावसात गार पडते, धूर खोलीत परत येतो आणि काजळी मिसळलेले काळे पाणी भिंतीवरून ओघळते. धुराडे घराच्या आतून वर न्यावे, आणि जो भाग बाहेर राहील तो दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक भरलेला घ्यावा. तीन ते पाच किलोवॅटच्या शेगडीला पाच ते सहा इंच व्यासाची नळी लागते. शेगडीच्या तोंडापेक्षा ती कुठेही अरुंद करू नये. वरचे टोक आढ्याच्या दोन फूट वर असावे, त्यावर पावसाची टोपी आणि पाखरांसाठी जाळी असावी, आणि चोर्ला घाटाच्या बाजूला वाऱ्याचा जोर असतो तेथे तारांचे ताण द्यावेत.

सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पाइप आपल्याकडे धुराड्यासाठी सर्रास वापरले जातात. बंद शेगडीच्या धुराने ते तडकू शकतात आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. स्टेनलेस स्टीलच घ्यावे.

कौलारू छतातून धुराडे जाते ती जागा सर्वांत धोक्याची. वासे आणि रिपा शंभर वर्षे वाळलेल्या असतात. साध्या एकेरी नळीपासून लाकूड चारही बाजूंनी किमान दीड फूट दूर हवे, आणि ते शक्य नसेल तर तेवढ्या भागात दुहेरी नळीच वापरून कारखान्याने सांगितलेले अंतर पाळावे. वासा मध्ये येत असेल तर तो सुताराकडून कापून दोन्ही बाजूंना आडवी तुळई बांधून घ्यावी, नळी वाशाला चिकटवून ‘बघू पुढे’ म्हणू नये. नळीभोवतीची कौले काढून तेथे कॉलर बसवलेला पत्रा घालावा, आणि त्या पत्र्याची वरची कड वरच्या कौलांच्या ओळीखाली सरकवलेली असावी, म्हणजे पाणी पत्र्यावरून खालच्या कौलांवर उतरते.

जुनी माणसे एक हरकत घेतात आणि ती खरी आहे: चुलीच्या धुराने वाशांना कीड लागत नसे. धूर घराबाहेर गेला की आढ्याला भुंगा आणि वाळवी लागण्याचा संभव वाढतो, म्हणून शेगडी बसवण्याच्या वेळीच लाकडाला कीडरोधक औषध मारून घ्यावे.

आता शेगडी

लाकडाला हवा वरून लागते आणि ते राखेच्या थरावर उत्तम जळते. कोळसा, ब्रिकेट आणि शेणी यांना हवा खालून, जाळीतून लागते. म्हणून खऱ्या बहुइंधनी शेगडीला हवेची दोन वेगळी, स्वतंत्रपणे उघडझाप होणारी तोंडे असतात, बिडाची जाळी असते आणि तिच्याखाली राखेचा ट्रे असतो. दुकानदार एकाच झडपेची शेगडी बहुइंधनी म्हणून दाखवू लागला तर ती घेऊ नये.

बीड सावकाश तापते आणि आग विझल्यावरही बराच वेळ ऊब देते. पोलादी पत्र्याची शेगडी लवकर तापते. पावसाळ्यात दोन-तीन तासच पेटवायची असल्यास आतून अग्निविटा लावलेली पोलादी शेगडी सोयीची. पेटीचा पत्रा पाच मिलिमीटरचा असावा. आतील बाजूस, धूर थेट नळीत न जाता वळसा घेऊन जावा यासाठी एक आडवी प्लेट असते. ती काढता-घालता येते का, हे पाहावे, कारण तिच्यावर काजळी साचते. दाराची पारख सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. चारही बाजूंना ती अडकली पाहिजे. जेथे ती सहज निघते तेथून हवा आत शिरते आणि आग आपल्या ताब्यात राहत नाही. हवा अडवण्यासाठी दाराच्या कडेने बसवलेली दोरी काचतंतूची असावी, ॲस्बेस्टॉसची नको. काच सिरॅमिकची आहे का, हे लेखी घ्यावे. खिडकीला वापरतात ती टफन्ड काच या आचेला फुटते.

बेळगावात बिडाचे ओतकाम आणि पत्र्याचे फॅब्रिकेशन दोन्ही उत्तम होते, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. जाळी झिजली तर नमुना देऊन नवी ओतून घेता येते. स्थानिक कारागिराकडून शेगडी करून घ्यायची असेल तर वरील प्रत्येक मुद्दा त्याच्याशी बसून ठरवावा आणि आधी त्याने केलेली एखादी शेगडी प्रत्यक्ष पेटलेली पाहावी. पेटल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसेनासे झाले पाहिजे. त्यानंतरही दाट करडा धूर येत असेल तर जळण ओले आहे किंवा रचना चुकली आहे. केवळ पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्यांवर, आणि विजेच्या पंख्यावर चालणारी शेगडी, ती कितीही स्वच्छ जळत असली तरी, मी आपल्या खेड्यांसाठी सुचवणार नाही. पेलेट महागले किंवा वीज गेली की ती कोपऱ्यात पडून राहते.

माथा सपाट असेल तर त्यावर आंघोळीच्या पाण्याचा हंडा ठेवता येतो, आणि आपल्या घरांत ही सोय फार मोलाची ठरते. मात्र शेगडीच्या आत पाण्याची बंद टाकी बसवून घेऊ नये. वाफेला वाट नसेल तर ती फुटते.

बसवणे आणि सुरक्षितता

शेगडीखाली जांभ्याचा किंवा विटांचा ओटा करावा आणि दारासमोर तो फूटभर पुढे असावा. नुसती शहाबादी फरशी आचेने तडकते, तिच्याखाली विटांचा थर द्यावा. लाकडी कपाट, पडदे, कपड्यांची दोरी यांचे अंतर शेगडीच्या पत्रकात दिल्याप्रमाणे ठेवावे; पत्रक नसेल तर तीन फूट धरावे. लहान मुले असतील तर जाळीचा कठडा आवश्यक आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची लक्षणे सर्दी-तापासारखी वाटतात आणि झोपेत तर ती कळतही नाहीत. शेगडीच्या खोलीत त्याचा अलार्म लावावा, शेगडीपासून तीन ते दहा फुटांच्या अंतरावर, आणि झोपण्याची खोली दूर असेल तर तेथे दुसरा. कौलारू घराला फटींमधून हवा मिळते, परंतु स्लॅबच्या घरात सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतील तर भिंतीत तळहाताएवढे कायमचे उघडे भोक ठेवावे. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा चालू असताना धूर उलटा ओढला जातो का, हे पहिल्याच दिवशी सगळी दारे-खिडक्या लावून तपासावे. उलटा येत असेल तर शेगडी पेटलेली असताना तो पंखा लावायचा नाही, हे घरातल्या सर्वांना सांगावे.

पहिल्या दोन-तीन वेळा लहानच आग करावी, म्हणजे विटा आणि रंग हळूहळू वाळतात. त्या वेळी वास येईल, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दमट दिवशी पेटवताना आधी शेगडीच्या वरच्या भागात कागदाचा एक बोळा जाळून नळी गरम करावी आणि मगच खालचे जळण पेटवावे. लाकूड जाळताना जाळीवर बोटभर राख राहू द्यावी. कोळसा किंवा शेणी जाळताना जाळी मोकळी हवी. ट्रेमधील राख जाळीला टेकेपर्यंत वाढू दिली तर जाळीला खालून गार हवा मिळत नाही आणि ती वाकते. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, दोन दिवस ठेवावी, नंतर शेतात टाकावी.

धुराडे वर्षातून दोनदा ब्रशने साफ करावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. धुराड्यातून घरघर असा मोठा आवाज येऊ लागला किंवा नळी लाल झाली तर आत काजळी पेटली आहे असे समजावे: हवेची सर्व तोंडे बंद करावीत, माणसांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा, वरून पाणी ओतू नये, तापलेली नळी फुटते. मार्च ते मे शेगडी बंद राहणार असेल तेव्हा आतली सगळी राख काढून टाकावी, कारण ती ओलावा धरून पत्रा खाते, आणि दार किंचित उघडे ठेवावे.